उसवलेल्या कॉलरी

"याला सायकोसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझा दादा खुर्चीतून उठून दाराकडे निघाला होता. आजाराचं नाव त्यानं ऐकलंसुद्धा नसावं. त्याला राग आला होता तो माझा.

मी त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात फसवून आणलं होतं. "कॉलरीतला माइक काढणारा माणूस हाय तिथं," असं सांगून. त्यानं बिचाऱ्यानं शर्टाची कॉलर डॉक्टरांपुढे केली. डॉक्टर सरळ म्हणाले, "मी मनाच्या आजारांचा डॉक्टर आहे." दादानं माझ्याकडे पाहिलं.

"तू बी त्यांच्यातलीच," तो म्हणाला.

आखाडा बाळापूरला आमचं शिलाईचं दुकान आहे. दादा कापतो, शिवतो. काज, बटणं, तुरपाई माझी. आई आणि आम्ही दोघं, एवढंच घर. वडील गेल्यावर सुई धरायला मला दादानंच शिकवलं.

आधी त्याची झोप गेली. मग तो मशीन थांबवून कान देऊन बसू लागला, कुणीतरी बोलतंय म्हणायचा. मग म्हणाला, गिऱ्हाइकं कॉलरीत माइक बसवून कपडे पाठवतात, रस्त्यावरचे लोक आपलं बोलणं ऐकून राहिलेत. मला वाटलं, टेलरची बहीण आहे मी, हे तर सोपं काम. ब्लेड घेतलं, कॉलर उसवली आणि आतलं कडक कापड त्याच्या हातात दिलं.

"बघ. निस्तं बकरम हाय."

त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "काढला त्यांनी. दुसऱ्यात टाकला."

मी दुसरी उसवली. मग तिसरी. शाळेच्या गणवेशाचे बावीस शर्ट शिवून तयार होते, दोन दिवसांत सगळ्यांच्या कॉलरी उसवल्या. मी मुळात हट्टी, त्यात रागावलेली. शेवटच्या शर्टाला दादा हळूच म्हणाला, "तुला काहून एवढी घाई, सगळं उसवायची?"

त्या दिवसापासून त्यानं माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं.

आमच्या गल्लीत फी न घेणारे डॉक्टर भरपूर. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्न लावून द्या, डोकं ठिकाणावर येईल. म्हणजे दुसऱ्याच्या लेकीचाही जीव टांगणीला. एकानं तर पिक्चरमधला खुनी सांगितला आणि आईनं घाबरून कात्र्या ज्वारीच्या कोठीत लपवल्या. दादानं कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तोच भिंतीला पाठ लावून बसून राहायचा. घरात सगळ्यात जास्त भ्यालेला माणूस तोच होता.

तर त्या दिवशी दवाखान्यात दादा दाराबाहेर गेला. आता हा रस्त्यावर पळाला तर? पण तो बाहेरच्या बाकावर बसला; डॉक्टर गेले, त्याच्या शेजारी बसले. हाताला धरलं नाही.

"झोप किती दिवस नाही?" त्यांनी विचारलं.

"लई दिवस झाले," दादा म्हणाला आणि लहान लेकरासारखा रडला. मग आपण होऊन आत आला.

रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, गांजा-दारूचं विचारलं. रिपोर्टसाठी आम्ही दुपारभर त्याच बाकावर होतो. मध्ये माझी पिशवी आणि तिच्या पलीकडे तो, तोंड फिरवून. डॉक्टरांनी मला आत बोलावून समजावलं. "ताप कशामुळं आला ते शोधावं लागतं, तसंच हे. खरं काय आणि भास काय, हे मेंदूला वेगळं करता येईना, ही अवस्था म्हणजे सायकोसिस. नसलेला आवाज ऐकू येतो, ते हॅल्युसिनेशन. कितीही पुरावा दिला तरी न हलणारी चुकीची खात्री, ते डिल्यूजन."

पुरावा म्हटल्यावर मला बावीस कॉलरी आठवल्या.

"एका अंगात दोन माणसं, असं यात काही नसतं," ते म्हणाले. "वाद घालू नका, आणि हो ला हो पण करू नका."

"मग बोलू काय?"

"खरं तेच. तुम्हाला माइक दिसत नाही. त्यांना भीती वाटते. दोन्ही खरं आहे. आणि ताई, गोळी लिहून देतो, ती लपवून देऊ नका. काही अडलं तर मला विचारा."

घरी त्यानं गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "वरणात घाल गं, लेकराला कळणार न्हाई." मी गोळी कुटली आणि वरणात कालवली. आईनं ताट ठेवलं. दादानं भाकरी मोडली, घास वरणात बुडवला.

तो मला त्यांच्यातली म्हणत होता. घास तोंडात गेला असता तर मी खरंच झाले असते. मी ताट ओढलं.

"दादा, यात गोळी हाय. माइक काढणाऱ्या माणसाचं बी मी खोटंच बोलले. मला माइक दिसत न्हाई. पण तुला भेव वाटून राहिलंय, ते दिसतंय."

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. आईला हुंदका आवरेना.

"पाकीट दाखव," तो म्हणाला. गोळीचं नाव त्यानं दोनदा वाचलं, स्वतःच्या हातानं एक काढली, स्वतः भरलेल्या पाण्यासोबत गिळली.

पुढं सगळं गोड झालं नाही. पहिले काही दिवस तो नुसता झोपायचा, हात थरथरायचे. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस बदलला. आवाज हळूहळू लांब गेले. कुणाला हे एकदाच होतं, कुणाला पुन्हा. दादाचं काय, ते आत्ता सांगता येत नाही, असं ते म्हणतात. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, एवढं आम्ही पक्कं धरलंय. तुमच्या घरात कुणाची झोप उडाली, कुणी असं कान देऊन बसू लागलं, तर माझ्यासारखे कपडे उसवत बसू नका. लवकर दाखवा.

कात्र्या कोठीतून मीच काढल्या आणि दादाच्या हातात दिल्या.

गेल्या आठवड्यात तो शर्ट शिवत होता. मध्येच थांबला, कॉलरीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग ती माझ्यापुढे धरली.

"यात काही हाय का गं?"

माझा हात सवयीनं ब्लेडकडे गेला.

"उसवू नको," दादा म्हणाला. "तू निस्तं सांग."

"मला तर काही दिसत न्हाई. तुला भेव वाटतंय का?"

"जरासं. डॉक्टरांना सांगू."

त्यानं कॉलर माझ्याकडे काजासाठी दिली आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यायला.