टाका तुटला नाही

ज्या चपलेचा तुटलेला पट्टा मी माझ्या हातांनी शिवला, त्याच चपलेने मला मारण्यात आले. शेवटचा टाका आणि पहिला फटका यांत दोन मिनिटांचेही अंतर नव्हते. माझ्या बोटांवरचे मेण अजून चिकट होते.

पहिला फटका गालावर बसला. दुसरा कानावर. कानात जी शिटी सुरू झाली ती आजही थांबलेली नाही. तिसरा तोंडावर. खालचा ओठ फाटला, आणि कपाळावरचे गंध घामाबरोबर डोळ्यांत उतरले. माझे वय अडुसष्ट. तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले आणि एकाही विद्यार्थ्यावर हात उगारला नाही. त्या सकाळी फुलचूरच्या त्या अंगणात मी गुडघ्यांवर होतो, आणि घरमालक गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता,

"बोल! सबको बता, कौन जात है तू? बोल!"

तासाभरापूर्वी तो माझ्या पाया पडला होता.

पुण्याहून येथे येऊन आम्हांला तेव्हा चार महिने झाले होते. पुण्यात आम्ही तीन वेळा घर बदलले. प्रत्येक वेळी थोडे लहान, थोडे अधिक बाहेर. माझी शाळा विनाअनुदानित, त्यामुळे निवृत्तिवेतन नाही. मुलाचे काम संगणकावरचे, ते घरबसल्या चाले. एके दिवशी तो म्हणाला, "बाबा, काम कुठूनही करता येतं, तर आपल्याच जिल्ह्यात का जाऊ नये? तिकडे सगळं स्वस्त आहे."

'स्वस्त' हा शब्द मी वर्गात फोड करून दाखवीत असे. त्याच्या मुळाशी 'स्वस्थ' आहे. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहणारा. जो आपल्या ठिकाणी राहतो, तो स्वस्थ. मुलाच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा मला तो शुभ वाटला. माझा जन्म चिचगडचा. पन्नास वर्षांनी आपल्या ठिकाणी परतायचे होते.

घरमालक धानाचा व्यापारी. ट्रकमधून आमचे सामान उतरत असताना तो फाटकाशी उभा होता. त्याने माझे धोतर पाहिले, गंध पाहिले, लाल बासनांत बांधलेल्या पोथ्या एकामागून एक आत जाताना पाहिल्या. काही विचारले नाही. हात जोडले.

"पंडितजी, आप जैसे लोग रहेंगे तो घर पवित्र हो जाएगा. भाडे का क्या है, थोडा कम दे देना."

त्याने खरोखरच भाडे उतरवले. मुलगा हरखून गेला. सूनबाई मात्र माझ्याकडे पाहत राहिली. पोथ्या फळीवर लावताना ती हळूच म्हणाली, "बाबा, त्यांना सांगायला हवं होतं."

"त्यांनी विचारले कुठे?" मी म्हणालो.

मी खोटे बोललो नाही. हे वाक्य मी आयुष्यभर स्वतःला ऐकवत आलो. पुण्यातही कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. माझे शुद्ध उच्चार ऐकून लोक आपले आपणच काय ते ठरवीत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरे ओढून आणली जात. त्यांचे चामडे कमावले जाई. माझ्या बापाने साऱ्या गावाच्या पायांत चपला घातल्या, आणि गावाने त्याला एकाही ओसरीवर चढू दिले नाही. नवी चप्पल अंगणात ठेवायची, मागे सरायचे, आणि तो पुरेसा मागे सरला याची खात्री झाल्यावर घरातल्या कोणीतरी येऊन ती उचलायची. हे मी लहानपणी त्याचा हात धरून पाहिले आहे. मोठेपणी मी केवळ लोकांचा गैरसमज दुरुस्त केला नाही. दुरुस्ती करणाऱ्यांच्या घरात जन्मलो, आणि एवढी एक दुरुस्ती चुकवली.

का चुकवली, तेही येथेच लिहितो. ते घर स्वस्त नव्हते. उरलेले भाडे मी माझ्या बापाचे नाव गिळून भरत होतो.

गावच्या शाळेतील एका गुरुजींनी मला नागपूरच्या पाठशाळेत पाठवले. निघताना बापाने आपली आरी माझ्या तळहातावर ठेवली. चामड्याला भोक पाडायची, लाकडी मुठीची, त्याच्या घामाने काळी पडलेली. म्हणाला, "सिक पोरा. पन हाताले इसरू नोको." ती आरी, दोरा आणि मेणाचा गोळा मी देवघराच्या खणात ठेवीत असे. तेव्हा ती खणात होती. आता देवांच्या ओळीत आहे.

ती सकाळ एकादशीची होती. मालकाकडे पूजा होती. मला सन्मानाने वरच्या मजल्यावर बोलावले, पाटावर बसवले, आणि तो कुटुंबासह पाया पडला. मी आशीर्वाद दिला. खाली आलो तर मालकाची आई देवळात निघाली होती. वय ऐंशीच्या पुढे. माहेर सडक अर्जुनीकडचे, शेतकऱ्याची लेक. मुलगा घरात हिंदी बोले, ही मात्र माझ्या आईच्या बोलीत बोलत असे. पायरी उतरताना तिच्या जुन्या चामडी चपलेचा पट्टा तुटला आणि ती पडता पडता वाचली.

"तुटला ना जी पट्टा! आता कशी जाऊ मी मंदिरात?"

मी तिला पायरीवर बसवले. आत गेलो, आरी घेऊन आलो. त्या क्षणी मी काहीही ठरवले नव्हते, ठरवले ते हातांनी. मी उकिडवा बसलो. चप्पल पायाच्या अंगठ्याखाली दाबली. दोऱ्याचे टोक दातांत धरले, मेण लावले. आरी आरपार घालायची, एकाच भोकातून दोऱ्याची दोन्ही टोके उलटसुलट काढायची, आणि दोन्ही हात झटक्याने बाहेर उघडून टाका आवळायचा. हे कोणत्याही पाठशाळेत शिकवत नाहीत. सहा टाके. माउलीने पाय घालून पाहिला आणि हसली.

"भल्ला मजबूत झाला जी! तुमी तं पक्के कारागीर निंगाले, गुरुजी."

मालक वरच्या पायरीवर उभा होता. त्याने माझा अंगठा पाहिला. माझे दात पाहिले. मग हात.

"पंडितजी. ये कहाँ सीखा?"

पन्नास वर्षांत प्रथमच कोणी विचारत होते.

"बापाकडून," मी म्हणालो. "ते चपला शिवत. त्यांचे वडीलही. आम्ही चामड्याचे काम करणारे."

तो खाली वाकला. आईच्या पायातली चप्पल त्याने ओढून काढली. पुढचे वर लिहिले आहे.

तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित मी नेहमीसारखा सहन करून उठलो असतो. पण त्याच्या गोदामावरची दोन माणसे आमच्या खोल्यांत शिरली. भांडी बाहेर आली. अंथरुणे आली. मग पोथ्या. मालक म्हणाला, "नाली में फेंक." लाल बासने सुटली आणि पाने काळ्या पाण्यात पसरली. मुलगा धावत बाहेर आला. एकाने त्याचे केस धरले आणि डोके लोखंडी फाटकावर आपटले. भुवई उभी चिरली. तो आवाज मी अजून ऐकतो, कानातल्या शिटीच्या वर.

आणि मला मारणे चालूच होते. सातव्या फटक्याला चप्पल डोळ्यांसमोरून गेली आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. टाका तुटलेला नव्हता. सहाच्या सहा टाके जागच्या जागी होते. माझ्या बापाचे काम या माणसाच्या मुठीत शाबूत होते, आणि त्याच कामाने मी मार खात होतो.

आठवा फटका मी हवेतच धरला.

चामडे ओढणाऱ्यांची पकड आहे ही. तीस वर्षे खडू धरूनही ती गेली नव्हती. मी त्याचे मनगट पिळले. तो गुडघ्यांवर आला, त्याच फरशीवर, माझ्या रक्तात. आणि माझ्या तोंडून जे निघाले ते पन्नास वर्षांत निघाले नव्हते.

"काऊन मारून राहिला गा? काऊन? टाका तुटला का माहा?"

दुसऱ्या हातात शिवतानाची आरी अजून होती. ती त्याच्या गळ्याखाली, दोन हाडांमधल्या खळग्यावर टेकली होती. तेथे हाड नसते. कातडी किती जाड, किती दाबले की टोक आत जाते, हे मला हाताला विचारावे लागत नाही. रक्ताचा एक थेंब आला. गोदामावरची माणसे जागच्या जागी थांबली.

त्याचे ओठ हलले. "पंडितजी..." तो म्हणाला. भीतीपोटी त्याने मला पुन्हा पंडितजी केले होते.

"पंडितजी नोको म्हनू."

मी आरी दाबली नाही. दया म्हणून नव्हे. मला तो जिवंत हवा होता. उत्तर द्यायला माणूस जिवंत लागतो. मी त्याच्या मुठीतून चप्पल काढून घेतली आणि हात सोडला.

त्याची माणसे फाटकाबाहेर गेली, तो वर गेला. दार लागले. मुलगा भुवईवर टॉवेल दाबून बसला होता. म्हणाला, "बाबा, टेम्पो बोलावतो. सडक अर्जुनीला खोल्या मिळतात. इथल्याहून स्वस्त."

सूनबाई कोपरापर्यंत हात घालून नालीतून पोथ्या काढत होती. तिने मान वर केली नाही.

"तिथून पुढे कुठे? चिचगडच्या रानात?" ती म्हणाली. "आणि तिथे बाबांनी हात कुठे लपवायचे?"

टेम्पो कोणी बोलावला नाही.

दुपारी मालकाची आई अनवाणी खाली आली. पायरी चढून आमच्या दारात आली आणि माझ्या पायांकडे वाकली. मी पाय मागे घेतले.

"माही चप्पल देऊन टाका जी, गुरुजी. तुमी ठान्यात जासान तं पोरगा जेलात जाईल. एकुलता एक हाय."

वृद्ध मातेचा शब्द मी जन्मात मोडला नव्हता. माझी सारी विद्या तिच्या बाजूने बोलू लागली. क्षमा, शांती, उपकार. हात चपलेकडे गेलाही.

"म्या काय केलं जी तुमाले?" ती म्हणाली.

हात थांबला.

"तुमी काईच नाही केलं, माय. पायरीवर बसून पाहून राहिल्या होत्या." मी म्हणालो, "चप्पल नाही देत."

ती रडली. मी दार लावून घेतले नाही. ती रडत असताना मी तिच्यासमोर उभा राहिलो, आणि माझे मन हलले नाही. हेही लिहून ठेवतो.

ती गेल्यावर नालीतून काढलेले एक बासन मी पिळले. त्यात चप्पल ठेवली. पोथी बांधतात तशीच चार कोपऱ्यांची गाठ मारली आणि ठाण्याकडे पायी निघालो. उद्या न्यायालयाने विचारले, ही चप्पल तुम्ही शिवली कशावरून, तर मी तेथल्याच फरशीवर उकिडवा बसेन, चप्पल अंगठ्याखाली दाबेन, दोरा दातांत धरेन, आणि सर्वांदेखत सातवा टाका घालून दाखवीन.

ठाण्यात हवालदाराने माझा ओठ पाहिला, पाणी दिले, कागद ओढला. नाव लिहिले. वय लिहिले.

"धंदा?"

"चपला शिवणे. आणि संस्कृत शिकवणे. याच क्रमाने लिहा."

त्याने एकदा वर पाहिले. लिहिले.

"पत्ता?"

मी फुलचूरचा सांगितला. तेच घर, तोच मालक, खालचा मजला.

"हा भाड्याचा झाला, बाबा. सध्याचा. कायमचा सांगा."

"तोच," मी म्हणालो. "कायमचा लिहा."