सवाष्णींचा सिनेमा

पेडगावच्या पलीकडं आमचं गाव. बबिता आमच्या गावची आशाताई, सरकारी दवाखान्याचं काम बघती. बाई हातभर, पण तोंड असं की आबासाहेबांसारखा बागायतदारबी तिला बघून गल्ली बदलतो. बाळंतीण असो का लसीचा डोस, उन्हातान्हात दारोदार फिरती. मागल्या संक्रांतीला तेवढी चुकली.

दवाखान्यातून गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची माहिती देणारा सिनेमा आला होता. आबासाहेबांच्या मालकीणबाई म्हणल्या, "आमच्या हळदीकुंकवाला लाव, समद्या बाया आयत्याच मिळतील." बबिता बौद्ध घरची, त्यांच्यात हळदीकुंकू न्हाई. तिला ते 'समद्या' खरंच वाटलं. बाया वाण घेऊन टीव्हीपुढं बसल्या. आमी विधवा घरात. शेजारच्या भिंतीतून मला नुसता गलका ऐकू यायलाय.

आन तवाच मला अंगावरून रक्त जायला लागलं होतं. पाळी बंद होऊन सहा वर्षं झालेली. कुणाला सांगावं? लेकाला? जीभच उचलंना, मेली!

यंदा परत तोच सिनेमा, परत तेच घर. बबितानं मागल्या वर्षीची वही काढली, नावं वाचली आन तशीच उठून मालकीणबाईंकडं गेली. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

"मालकीणबाई, ह्यात एकबी विधवा न्हाई!"

"अगं, कुंकवाला त्यांना कसं बोलवायचं?"

"नवरा मेला म्हणून पिशवीबी मेली का हो त्यांची?"

मी भिंतीला टेकून लय रडले. नवरा गेल्यापासनं अकरा वर्षांत माझ्या बाजूनं असं कुणी भांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याच ओसरीवर आली. आमी चौदा विधवा डोक्याला डोकं लावून तिच्या मोबाइलवर सिनेमा बघायलो. त्यातली डॉक्टरीण म्हणली, पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर थांबू नका. तपासणी पाच मिनिटांची असती. मी बबिताचा हात धरला. ती उठलीच.

"चला पार्वतीकाकू. चुकलं माझं."

परभणीला डॉक्टरांनी तपासणीचे कागद बघितले. "बाई, गाठ पसरलीय. वर्षापूर्वी आला असतात तर बारक्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता रेडिएशनचे शेक घ्यावे लागतील, मग बघू." मग बबिताकडं वळून रागानं म्हणले, "गावात सिनेमा दाखवला नव्हता का तुम्ही?"

बबितानं मान खाली घातली. मीच पुढं होऊन बोलले.

"दाखवला होता की, साहेब. सवाष्णींना."