कुजक्या लाकडावरचं फायबर

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. सहा वर्षं झाली — तिच्यासोबत जेवतो, तिच्याशी भांडतो, आणि ही एक गोष्ट घशाशी येऊन परत खाली जाते. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही देवरावला ओळखत नाही, म्हणून असेल.

वाशीमजवळच्या मालेगावात माझं फायबरचं काम आहे. पाण्याच्या टाक्या, कुलरच्या बॉड्या, ट्रकचे बंपर. काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर रेझिन लावायचं, वाळलं की दगड. हात चांगला आहे माझा. लोक तसं म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं — नको तितकं आवडतं.

देवराव माझ्याच गावचा. धरण झालं तेव्हा आमच्या गावची अर्धी वावरं पाण्यापलीकडे राहिली. देवराव तिथे फायबरची नाव चालवायचा. त्याची बायको इंदूबाई — मी वयनी म्हणायचो — पलीकडे मेथी-पालक लावायची आणि सकाळी भाजीचे गठ्ठे नावेतून आणून मालेगावच्या बाजारात बसायची. माझ्या दुकानावरून जाताना एक जुडी टेबलावर टाकून जायची. न बोलता.

एकदा देवराव नाव ट्रॅक्टरवर घालून दुकानात आला. तळ पायाखाली लचकत होता. अशा नावेच्या तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन लांब लाकडं बसवलेली असतात, वरून फायबरनं मढवलेली. नाव ताठ राहते ती त्यांच्यामुळे.

"नावेचं जमते ना तुले?" त्यानं विचारलं. दुकानात चारजण बसले होते.

"जमते म्हंजे? त्यात काय हाय!" मी म्हणालो.

नावेला मी तोवर हात लावला नव्हता.

फायबर कापलं आणि बोट आत गेलं. लाकडात. काळं, ओलं, भिजल्या भाकरीसारखं. दोन्ही लाकडं काढायची, तळ सुकवायचा, नवीन लाकूड तळाच्या वळणाला बसेल असं घडवायचं, मग फायबर — करायचं काय ते मला कळत होतं. ते बाकदार लाकूड घडवायचं कसं, ते येत नव्हतं. वाशीमला एक म्हातारे सुतार होते, त्यांना येत होतं. पण विचारायचं म्हणजे मला येत नाही असं म्हणायचं... एवढंच ना? एवढंच होतं.

आणि देवराव काय म्हणाला होता, तेही ऐका. "घाई नाई बाप्पा. आठ दिस लागले तं लागू दे."

मी दोन दिवसांत दिली. त्याच कुजक्या लाकडावर चटईचे तीन थर चढवले. ओल्यावर रेझिन धरत नाही, हे टाकी दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगतो. वरून निळा रंग दिला. देवरावनं त्यावरून हात फिरवला. "नवरीवानी दिसून राह्यली," म्हणाला. मी हसलो.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते, धरण भरलेलं. सकाळी दोघं भाजी घेऊन येत होते. ऐन मध्यावर तळ फाटला. देवराव पोहणारा माणूस, त्यानं वयनीचा दंड धरला होता. तो हातातून सुटला. कसा सुटला, हे तो आजही सांगू शकत नाही. वयनी दुसऱ्या दिवशी सापडली.

नाव दोरानं ओढून काठावर आणली. सगळा गाव जमला होता. पोलीस पाटील मला म्हणाले, "तूच पाहून सांग, काहून फाटली?" मी वाकून फटीत हात घातला. काळा भुगा मुठीत आला. मूठ तशीच खिशात घातली आणि म्हणालो —

"खाली खुंट लागला."

म्हणालो. कुणी तसं बोलायला लावलं नव्हतं. धरणात जुन्या बाभळींचे खुंट आहेत, सगळ्यांनी माना डोलावल्या. देवराव मात्र माझ्याकडे बघत राहिला. "मले तं काई दिसलं नाई."

"पाण्याखालचा तुले कसा दिसन?"

तेव्हा त्याची मुलगी, रिठदला दिलेली, बापासमोर उभी राहिली. "रोजचं पाणी तुमचं, बाबा. ध्यान कुठं होतं?" ती गेली ती गेलीच. माहेर तोडलं तिनं.

हे इथं संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण पुढच्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि देवराव माझ्या दारात आला, खांद्यावर कुऱ्हाड. "चाल. तुले समजते. कोन्ता खुंट, ते दाखव मले."

मी गेलो. भेगाळलेल्या गाळातून आम्ही दोघं दुपारभर फिरलो. तो प्रत्येक बुंध्यापाशी थांबायचा, माझ्याकडे बघायचा. सांगायची वेळ हीच होती, नाही का? आसपास चिटपाखरू नव्हतं. फक्त तो आणि मी. माझं तोंड उघडलं — आणि मी एका बाभळीच्या खुंटाकडे बोट केलं.

"हाच असन."

त्यानं कुऱ्हाड उगारली. दोन घाव घातले. मग कुऱ्हाड टाकून गाळात खाली बसला, आणि खुंटावर पडलेल्या घावांवर हात ठेवून म्हणाला, "याचा काय दोष? हा तं इथंच होता. मीच आणलं तिले याच्यावर."

मी शेजारी उभा होतो. त्याला उठवलं, घरी सोडलं, त्यानं केलेला चहा प्यालो.

आता तो पाण्याकडे जात नाही. दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जातो. परवा बाजारात भेटला. मुलीला मुलगा झाला, असं लोकांकडून कळलं, म्हणाला. मग मलाच विचारलं, "मी जाऊ काय पाह्याले? का पोरगी हाकलून देईन मले?"

मी म्हणालो, "नको जाऊ सध्या."

त्यानं मान हलवली आणि गेला.