दुपारी एक ते चार संग्रह बंद

आम्ही पाच-सहा जण होतो. लोकांच्या घरात पडलेल्या जुन्या कॅसेट गोळा करायच्या, संगणकात उतरवायच्या आणि इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवायच्या, एवढंच काम. हौशी नाटकं, गल्लीतल्या मैफली, स्नेहसंमेलनातले पोवाडे. ज्यात कोणत्याही कंपनीला रस नाही असं सगळं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर असल्यामुळे घोषवाक्य माझ्याकडे आलं. ‘कुणीही ऐका, केव्हाही ऐका.’ चार शब्द. त्यातला एक पुढे खोटा ठरला.

खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी तरुणी एकदा एक कॅसेट घेऊन आली. गाव गडचिरोलीकडचं. वडील झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाचं काम करायचे, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा आवाज असलेली ही एकच कॅसेट.

“लोक चपला फेकून मारायचे बाबांना,” तिने अभिमानाने सांगितलं.

कॅसेट उतरवून झाली आणि फीत तुटली. म्हणजे आवाज आता फक्त आमच्याकडे होता. आम्ही तो एका मोठ्या संकेतस्थळावर चढवला आणि तिची आई गावात रोज दुपारी फोनवर नाटक ऐकू लागली.

महिन्याभरात नाटक गायब झालं. दोन अंकांच्या मध्ये पेटीवाल्याने एका सिनेगीताची चाल वाजवली होती. संकेतस्थळाच्या यंत्राने ती कॉपीराइटवाली म्हणून ओळखली आणि मिनिटभराच्या चालीसाठी दीड तासाचं नाटक काढून टाकलं. हरकत घ्यायला सात दिवस होते. मसुदा मी केला आणि सगळ्यांना दाखवला, ही चूक. एकाने प्रस्तावना वाढवली, दुसऱ्याने लोककलेचा इतिहास घातला, तिसऱ्याने संपूर्ण सूर बदलला. नवव्या दिवशी चार पानांचं उत्कृष्ट पत्र तयार झालं. ते आजही माझ्याकडे आहे.

आमच्यातले एक गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. सदाशिव पेठेत राहतात. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं की हेच होणार. माझ्या घरी मांडा.” त्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर आम्ही सगळा संग्रह हलवला. आता तो कुणाच्याही यंत्राला काढता येणार नव्हता. आम्ही स्वतंत्र झालो.

तिसऱ्या दिवशी खराडीहून फोन आला. “सर, साइट ओपनच नाही होऊन राहिली. आई दोन वाजल्यापासून ट्राय करून राहिली.”

मी अभियंत्यांना फोन लावला. उचलला नाही. चार वाजता त्यांचाच आला.

“अहो, बंद म्हणजे बंदच. त्या संगणकाचा पंखा गिरणीसारखा वाजतो. एक ते चार मी झोपतो.”

“पण आपण ‘केव्हाही’ म्हटलंय.”

“आपण नाही, तुम्ही. मला विचारलं होतंत?”

संध्याकाळी आमच्या संकेतस्थळावर सूचना झळकली: दुपारी एक ते चार संग्रह बंद. इंटरनेटला वामकुक्षी देणारी आमची पहिलीच संस्था असावी.

रविवारी ती खराडीची मुलगी अभियंत्यांच्या घरी आली. मीही होतो.

“काका, आई दोनलाच मोकळी होते. चारला पुन्हा शेतात. संध्याकाळी भाऊ टीव्ही लावून बसतो.”

“मग फाइल पाठवा तिकडे.”

“पाठवली ना. फोन फुल आहे. नुसती सुप्रभातची फुलं. एक काढू देत नाही.”

“पहाटे ऐका म्हणावं. मी पाचला उठतो.”

“नाटकवाल्याची बायको आहे, काका. रात्रभर नाटक करून सकाळी बाबा झोपून राहायचे. त्या वेळी त्यांना उठवायचं नाही, हे तिला आयुष्यभराचं ठाऊक आहे.”

झोपेचा हा मान काकांना पटलेला दिसला. त्यांनी विचारलं, “रोज तेच तेच काय ऐकतात पण?”

“तिसरा अंक. त्यात बाबांना मार बसतो. तेवढं ती दोनदा ऐकते.”

“योग्य आहे,” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. मग बाहेर येऊन, “आणि अहो, तुमच्या घोरण्यापुढे तो पंखा म्हणजे अंगाईगीत आहे. ठेवायचं का तेही उतरवून संग्रहात?”

काका म्हणाले, “बघतो.”

पुण्यात ‘बघतो’ म्हणजे नाही. जिन्यात मी मुलीला तसं सांगितलं. हेल्मेट घालायला तिने बराच वेळ घेतला.

चार दिवस काही घडलं नाही. पाचव्या दिवशी सूचना बदलली. ‘दुपारी एक ते चार संग्रह बंद. गडचिरोलीचं नाटक तेवढं चालू राहील. इतरांनी याचा गैरफायदा घेऊ नये.’

हे चार दिवस, दुपारी फक्त एकच नाटक उघडावं आणि बाकी काहीही उघडू नये, अशी व्यवस्था करण्यात गेले होते. मी म्हटलं, पंखा वाजतोच आहे, तर सगळंच चालू ठेवा की.

“शिस्त,” काका म्हणाले. कानात कापूस घालून झोपतो, हे त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं.

त्या दिवशी चार वाजून एक मिनिटाने त्यांचा फोन आला. कोण केव्हा काय ऐकतं याची नोंद संगणक ठेवत होता आणि ते ती वाचून दाखवायला उत्सुक होते. ऐकणाऱ्याची नोंद ठेवायची नाही, हा आमचा दुसरा नियम. तोही मीच लिहिला होता. मी म्हटलं, वाचा.

“दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू,” काका म्हणाले. “तिसरा अंक. मार दोनदा. ठेवतो.”