अंबाजीच्या डाव्या कानात

कुरवंड्यात कुणाकडे पाहुणा आला, तर तो कुठला, कशासाठी आला आणि मुक्काम किती, हे घरच्यांच्या आधी अंबाजीला ठाऊक असतं. माणूस वाईट नाही, नुसता भोचक आहे. रस्त्यानं जाणाऱ्याला पिशवीत काय आहे हे विचारल्याशिवाय त्याला पुढं सोडवत नाही. उत्तर ऐकताना तो मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करतो, कारण डावा कान केव्हाच गेला. तरुणपणी बारा वर्षं त्यानं दगडखाणीवर सुरुंग उडवले. वात पेटवायची, पळत आडोशाला जायचं आणि श्वास धरून जमिनीला चिकटून पडायचं. एक कान खाणीत राहिला, आणि मेल्यासारखं पडून राहायची सवय मात्र अंगात मुरली.

त्या सवयीचं चीज साठीनंतर झालं. खाण सुटल्यावर तो लोणावळ्याजवळच्या एका बंगल्यावर माळीकाम करू लागला होता. दोन वर्षांपूर्वी तिथं सिनेमावाले आले. गोष्ट अशी, की सहा वर्षं बापाशी न बोललेली मुलगी बाप गेल्याचं कळून घरी येते. मेलेल्या बापाच्या कामासाठी मुंबईहून जे गृहस्थ आणले होते, त्यांना हारातली फुलं सोसेनात. मुलगी हंबरडा फोडायची आणि बाप शिंकायचा. माणसांची जमवाजमव करणारा प्रदीप कपाळाला हात लावून बसला, तेव्हा हातातली झारी खाली ठेवून अंबाजी म्हणाला, "मी पडू का?"

पडला तो असा पडला, की एका बाईनं घाबरून त्याची नाडी पाहिली. नाकात कापूस घातला, तोवर तो गप्प होता. बुक्का लावायला आले तेव्हा म्हणाला, "आमी बौद्ध मानसं, आमच्यात ह्ये लावत न्हाईत." मग स्वतःच हसला. "लावा, लावा. मेलोय कुटं मी!"

अडीच दिवस तो मेलेला होता. शेवटच्या दिवशी मुलीचं काम करणारी ती पोरगी त्याच्यावर वाकली, तोंड थेट त्याच्या कानाशी नेलं आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. कान नेमका डावा. अंबाजीला लागला तो फक्त तिचा ऊन ऊन श्वास, आणि मानेवर पाण्याचा एक थेंब. गावातला सगळ्यात भोचक माणूस तो, आणि त्याला "काय म्हनलीस गं?" एवढंही विचारता येईना. शॉट संपला तशी ती कुणाशी न बोलता गाडीत बसून निघून गेली.

तो सिनेमा यंदाच्या उन्हाळ्यात आला. अंबाजीची सून सारिका लोणावळ्यात एका हॉटेलात रिसेप्शनला असते. तिनं रविवारी दुपारी मोबाइलवरून तो घरच्या टीव्हीवर लावला. "अंबाजीभाऊला मेलेलं बघायचंय" म्हणत आळीतली माणसं जमली. शेजारची चंपा तर वाडगाभर शेंगदाणे भाजून घेऊन आली. अंबाजीचे पाय पडद्यावर दिसले तेव्हा हशा झाला, कुणी शिट्टीही मारली. पुढं हशा कुठं गेला कळलं नाही. मुलगी वाकली. तिची पाठ तेवढी दिसत होती, आवाज नव्हता, संगीतही नव्हतं. मग ती उठली, एसटीत बसली, खिडकीची काच बंद केली, आणि सिनेमा संपला.

चंपा उठून गेली ती वाडगा तिथंच विसरून.

दुसऱ्या दिवशी वाडगा न्यायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "रातभर त्येच दिसत व्हतं, भाऊ. सकाळी उठून आदी बापाला फोन लावला. पन ती बोलली काय वो तुमच्या कानात?"

अंबाजीनं उजवा कान खाजवला. "मेलेला मानूस सांगतो व्हय कदी?" तो म्हणाला.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांना विचारत फिरलेल्या माणसाला आता सगळे विचारत होते, आणि त्यात लय गोडी होती. आठवड्यात गावानं तर विचारलंच, पण सारिकाच्या हॉटेलात उतरलेलं एक पुण्याचं जोडपंही पत्ता शोधत आलं. त्यांनीही सिनेमा पाहिला होता. अंबाजीनं त्यांना चहा पाजला आणि तेच उत्तर दिलं.

आतून मात्र तो कासावीस झाला होता. सारिकाच्या मोबाइलवर त्यानं तो तुकडा वीसदा पाहिला. पाठ, केस आणि स्वतःची नखं वाढलेली बोटं, याखेरीज काही दिसेना. शेवटी त्यानं प्रदीपला फोन लावला.

"भाऊ, कागदावर एवढंच होतं की ती कानात काहीतरी बोलते," प्रदीप म्हणाला. "तिनं काय म्हटलं ते डायरेक्टरलाही माहीत नाही. सगळ्यांनी विचारून झालं. ती म्हणते, ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगितलं."

अंबाजीनं फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिला. ज्यांना सांगायचं होतं त्यांना! कुणी विश्वासानं काही हवाली करावं आणि आपल्या हाताला ते लागूच नये, तसं त्याला झालं. त्याला स्वतःची लाज वाटली.

गावात एकटी बयाबाई, त्याची बायको, काही विचारत नव्हती. सिनेमा पाहिल्यापासून ती बोलायचीच कमी. दोनदा भात लागला. एकदा चुलीपुढं पीठ मळता मळता थांबली, ती पीठ वाळेपर्यंत तशीच. अंबाजीनं चारदा विचारलं, "काय झालं गं?" चारदा ती म्हणाली, "काय न्हाई."

मग एका दुपारी, सारिका कामावर गेलेली असताना, बयाबाई त्याच्यासमोर येऊन बसली. "साऱ्या गावाला नगा सांगू," ती म्हणाली. "मला तरी सांगा. लेक बापाला काय म्हनली?"

त्या तोंडाकडे पाहून अंबाजीला चेष्टा सुचेना. "डावा कान व्हता, बया," तो म्हणाला. "मला काय बी आयकू आलं न्हाई. मलाच कुनीतरी सांगावं म्हनून जीव टांगनीला लागलाय."

ती चिडेल असं त्याला वाटलं. ती चिडली नाही.

"वडिवळ्याला माहेरी आबा गेलं, तवा मी कामशेताच्या टेसनावरनं पळत गेलते," ती म्हणाली. "पोचले तवर त्रिशरण म्हनून झालं व्हतं, आग बी दिली व्हती. मला त्यास्नी एक सांगायचं व्हतं. अठरा वरसं झाली. त्या पोरीला वाकाया तरी मिळालं, म्हनून म्हनलं, बघावं तरी, ती काय बोलली."

अंबाजीला भरून आलं. अठरा वर्षं ही बाई त्याच्या शेजारी जेवली, निजली, आणि ज्यानं गावाच्या पिशव्या तपासल्या त्याला याचा पत्ता नव्हता. तो उठला. आतल्या खोलीत भिंतीला लागून त्याची खाट होती, तिच्यावर जाऊन उताणा पडला. हात अंगाशी लावले, पाय जुळवले, डोळे मिटले. खाणीतल्यासारखा श्वास धरला.

"ये," ओठ न हलवता तो म्हणाला. "मी मेलोय. बोल."

"काय तरीच तुमचं!" बयाबाई दारातून म्हणाली. पण ती गेली नाही. थोड्या वेळानं तिची पावलं आत आली, खाटेशी थांबली. त्याचा उजवा कान तिच्या बाजूला होता, चांगला, उघडा. अंबाजी कानात प्राण आणून वाट पाहत राहिला.

मग खाट करकरली आणि हलली. बयाबाईनं ती भिंतीपासून हातभर ओढली होती. ओचा खोचून ती त्या फटीत शिरली, पलीकडच्या बाजूला गेली आणि वाकली.

त्याच्या डाव्या कानावर ऊन श्वास आला. ती बोलली, थांबली, पुन्हा बोलली. बऱ्याच वेळानं श्वास निघून गेला, मान ओली राहिली. तिनं पदरानं ती पुसली, बाहेर आली, आणि खाट होती तशी भिंतीला लावली.

"उटा आता," ती म्हणाली. "च्या टाकते."

अंबाजी उठून बसला. चहा होईपर्यंत तो चुलीजवळ बसून होता. बशी त्याच्या हातात देताना बयाबाई क्षणभर थांबली, तो आता विचारील म्हणून.

"साखर झाली का बरूबर?" तिनंच मग विचारलं.

"व्हय," अंबाजी म्हणाला, आणि बशी तोंडाला लावली.