पेठे मॅडमच्या पुस्तकातलं साल

पेठे मॅडमच्या हातात प्रबंध दिला की त्या तो उलटा धरत आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागत. आम्ही प्रस्तावनेवर आठवडे घालवलेले असत. आभाराच्या पानात आईवडिलांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे आठवून लिहिलेले असत. मॅडम तिकडे ढुंकूनही पाहत नसत. थेट संदर्भसूची. त्यांच्या पेन्सिलीचं टोक एकेका नोंदीवरून खाली सरकत जाई, आणि ते कुठे थांबलं की आमचा पुढचा आठवडा त्या एका नोंदीत जाई. "घर बघायला गेलं की आधी मोरी बघावी," त्या म्हणायच्या. "दिवाणखाना काय, सगळेच आवरतात."

डोंबिवलीच्या कॉलेजात मी एम.ए.ला त्यांच्या हाताखाली होते. मी मुरबाडच्या पुढच्या गावची. दहावीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. संदर्भसूची हा शब्दच मी मॅडमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. शाळेत निबंध संपला की आम्ही खाली 'समाप्त' लिहायचो आणि दोन रेघा ओढायचो, एवढंच मला ठाऊक. मॅडमनी हे ऐकलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "ठीक आहे," म्हणाल्या, "आता समाप्तच्या पुढचं शिकू."

शिकवलं खरं, पण रडवून शिकवलं. माझा विषय होता खाडीकाठच्या गावांतली लग्नाची गाणी. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गावांत अशा गाण्यांच्या लहान लहान पुस्तिका छापलेल्या आहेत. कुणी गावच्या जत्रेला छापली, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ. त्यांवर कधी लेखकाचं नाव नसतं, कधी सालच नसतं, पानांचे आकडे मध्येच गायब होतात. विद्यापीठाच्या नमुन्यात सगळी उदाहरणं जाडजूड, शहाण्या पुस्तकांची. माझ्या पुस्तिका त्या नमुन्यात बसता बसत नव्हत्या. एकीवर फक्त छापखान्याचं नाव होतं, ते मी प्रकाशक म्हणून लिहून टाकलं. मॅडमनी पेन्सिलीने गोल केला.

"मुद्रक आणि प्रकाशक एकच का गं? लग्नात आचारी जेवण करतो म्हणून त्याला यजमान म्हणतेस?"

"नाही मॅडम, पण दुसरं नावच नाही."

"मग नाही असं लिही. नसलेलं नाव लिहायचं नाही आणि असलेलं गाळायचं नाही. यात अवघड काय आहे?"

अवघड सगळंच होतं. आडनाव आधी घ्यायचं म्हणून घेतलं, तर यादीत ओळीने पाटीलच पाटील आले आणि त्यांच्यामागून म्हात्रे आणि भोईर. मॅडम म्हणाल्या, "हे पाटील कोण? पूर्ण नावं आण." माझ्या वर्गातला किरण भोईर याच्या आजीचं माहेर आणि सासर दोन्ही याच गावांतलं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, आमच्या गावात पाटील अशी हाक मार, देवळातला पुजारी सोडून सगळे वळून बघतील. आणि ह्यातल्या अर्ध्या लोकांना गावात गुरुजी नाहीतर अण्णाच म्हणतात. पूर्ण नाव त्यांच्या बायकोला तरी माहीत असेल काय?" तरी तो बिचारा माझ्यासोबत दोन गावं फिरला. आम्ही एका अण्णांचं पूर्ण नाव त्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेवरून मिळवलं.

पूर्ण नावं आली, तर आवृत्ती राहिली. आवृत्ती घातली, तर पृष्ठ क्रमांक दुसऱ्याच आवृत्तीचा निघाला. कॉम्प्युटरवर सगळं टाइप केलं, तर त्याने स्वतःच्या मनाने स्वल्पविरामांचे पूर्णविराम केले. मी एसटीने कल्याणला यायची, तिथून डोंबिवली, मॅडमचं घर, दोन जिने. वर गेलं की पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली सूची घेऊन तेच जिने उतरायची. कितीदा वाटलं की या बाईंना माझी गाणी वाचायचीच नाहीत, यांना फक्त स्वल्पविराम वाचायचे आहेत. आई विचारायची, "झालं का गं तुझं पुस्तक?" तिला काय सांगणार? पुस्तक झालंय, पुस्तकांची नावं राहिलीत?

मॅडमबद्दल एवढंच लिहिलं तर अन्याय होईल. मी लांबून येते म्हणून त्यांनी माझी वेळ कायम दुपारची ठेवली होती, आणि दुपारी आलेल्या माणसाला त्या जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. ताटात आमटी-भात वाढता वाढता म्हणत, "यादी चुकीची आहे, म्हणून काही तू उपाशी राहायचं कारण नाही." स्वतःची पुस्तकं त्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून देत आणि परत आली की कव्हर काढून चाळत, मी कुठे पानाचा कोपरा दुमडला का ते बघायला. माझ्या खेडवळ उच्चारावर वर्गात कुणी हसलं, तर त्यांची नजर पुरे होई.

माझं दुसरं प्रकरण मॅडमच्या पुस्तकावर उभं होतं. त्यांनी तरुणपणी या गाण्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं आणि आमच्या भागात ते प्रमाण मानलं जाई. त्यात त्यांनी एका पुस्तिकेचं साल देऊन दाखवलं होतं की ही गाणी एकोणिसाव्या शतकातच छापली गेली होती, म्हणजे बाकीच्या सगळ्या संग्रहांच्या कितीतरी आधी. त्यांचं नाव झालं ते या शोधावर. मी ती पुस्तिका माझ्या सूचीत घातली. लेखक, गाव, साल, सगळं मॅडमच्या पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलं. इथे तरी पेन्सिल थांबणार नाही अशी माझी खात्री होती.

पेन्सिल नेमकी तिथेच थांबली. "ही पाहिलीस?"

"मॅडम, तुमच्याच पुस्तकात आहे."

"ती माझी नोंद. तुझी कुठे आहे? कल्याणच्या जुन्या वाचनालयात प्रत असेल. जाऊन बघ, मग लिही."

प्रबंध देण्याची तारीख तोंडावर आली होती. मॅडमची सही झाल्याशिवाय तो कॉलेज घेणार नव्हतं. आमच्याकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठीची जागा भरायची होती. त्यांनी मला तोंडी हो म्हटलं होतं, पण निकाल हातात हवा. तारीख चुकली तर निकाल पुढच्या सत्रात, आणि जागा दुसऱ्याची. मी मनातल्या मनात मॅडमना नको ते बोलत कल्याणला गेले.

ग्रंथपालांनी खूप शोधून पुस्तिका काढून दिली. मुखपृष्ठ बांधणीत अर्धं कापलं गेलं होतं, पण आतल्या पानावर साल स्वच्छ होतं. आकडा तोच, मॅडमच्या पुस्तकातला. फक्त त्याच्या वर, बारीक अक्षरात, 'शके' असं छापलं होतं.

शके आणि इसवी सन यांच्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचं अंतर असतं. म्हणजे पुस्तिका एकोणिसाव्या शतकातली नव्हतीच, स्वातंत्र्यानंतरची होती. तरी माझा विश्वास बसेना. मी शेवटचं पान उघडलं. तिथे जाहिरात होती: विजेवर चालणारी पिठाची आणि मसाल्याची गिरणी. इंग्रजांच्या त्या अमदानीत खाडीकाठाला वीज कुठली?

मी दोन्ही पानांची झेरॉक्स काढली आणि बाहेर येऊन किरणला फोन केला.

"तू गप्प बस," तो म्हणाला. "सही घे आणि सूट. कोण बघायला जाणार आहे कल्याणला? तुला जॉब पाहिजे ना?"

"पण मॅडमनीच बघायला सांगितलं."

"अगं, मग तर बोलूच नकोस! त्यांचं अख्खं पुस्तक त्याच्यावर आहे. सही राहू दे, त्या तुला जिन्यावरूनच परत पाठवतील."

दुसऱ्या दिवशी मी गेले. जेवण झाल्यावर झेरॉक्स टेबलावर ठेवली. मॅडमनी चष्मा लावला. सालाचं पान पाहिलं, मग गिरणीचं. मग परत सालाचं. स्वयंपाकघरात नळ गळत होता, तो बंद करायला त्या उठल्या आणि तिथेच थोडा वेळ थांबल्या.

परत येऊन बसल्या तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. "मी ही पाहिली नव्हती. आमच्या सरांच्या टिपणातून घेतली. सरांनी पाहिली असेल, असं धरून चालले." मग म्हणाल्या, "तुला नाही चालू दिलं, आणि स्वतः चालले."

मला वाटलं, आता सही करतील आणि हा विषय मिटेल. त्यांनी विचारलं, "यावर काय लिहिणार आहेस?" मी घरून एक वाक्य जुळवून नेलं होतं: 'काही अभ्यासकांनी या पुस्तिकेचा काळ वेगळा मानला आहे.' मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली.

"काही अभ्यासक कोण? नाव लिही. पेठे. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पान. आणि 'वेगळा मानला' काय? चुकीचा दिला."

"मॅडम, मी तुमच्याबद्दल असं कसं लिहू?"

"पेन्सिलीने लिही आधी, मग टाइप कर." मी रडायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "रड, पण आवृत्ती घालायची राहिलीय. ती घाल."

मी दुसरं प्रकरण नव्याने लिहिलं. तारीख चुकली ती चुकलीच. मॅडमनी विभागप्रमुखांकडे जाऊन, 'माझ्या पुस्तकातल्या चुकीमुळे मुलीला उशीर झाला आहे,' असं सगळ्यांसमोर सांगून मुदत वाढवून घेतली. सही तरी त्यांनी लगेच केली नाही. एका पाटलांच्या नावात अजून वडिलांचं नाव नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की आभारातलं त्यांचं नाव काढून टाकावं असं वाटलं. पाटलांच्या वडिलांचं नाव शोधून आणल्यावर सही झाली, वाढीव मुदतीत प्रबंध गेला आणि नोकरी मिळाली; अजून तीच करते आहे.

आपल्या पुस्तकाची सुधारून नवी आवृत्ती काढायची, असं मॅडमनी ठरवलं होतं. प्रकाशक आज करू, उद्या करू म्हणत राहिले. गेल्या वर्षी मॅडम गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ एक अंक निघाला. त्यात एका लेखकाने गहिवरून लिहिलं होतं की ही गाणी एकोणिसाव्या शतकात छापली गेल्याचं पेठे मॅडमनी सिद्ध केलं. खाली तळटीप, तेच साल.

मी संपादकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते गृहस्थ सभ्य होते. "ताई, बाई गेल्या. आता त्यांची चूक कशाला काढायची?"

"त्यांनीच काढली आहे. माझ्या प्रबंधात त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं आहे."

"पण तुमचा प्रबंध छापलेला नाही ना? मग आम्ही खुलासा कशाच्या आधारावर देणार? छापील काही असेल तर पाठवा."

मी फोन ठेवला. प्रबंध कॉलेजच्या कपाटात असेल, तो कोण उघडणार? पुस्तक मात्र वाचनालयांत आहे, आणि दर वर्षी नवी मुलं त्यातून ते साल उतरवून घेत आहेत.

म्हणून इथे, या मासिकात लिहिते. पेठे मॅडमच्या पुस्तकात त्या पुस्तिकेचं जे साल दिलं आहे ते शके आहे, इसवी सन नव्हे. ही चूक मॅडमनी स्वतः मान्य केली होती आणि ती नावानिशी नोंदवावी अशी त्यांची सक्त सूचना होती. पुस्तिका कल्याणच्या जुन्या वाचनालयात आहे. हे आता छापील झालं. संपादकांना आणि विद्यार्थ्यांना हवा तर या लेखाचा संदर्भ देता येईल. पृष्ठ क्रमांक तेवढा मला आत्ता माहीत नाही. अंक हाती आल्यावर ज्याने त्याने पाहून घालावा.