एक शेंग कमी

माझ्या सातव्या कादंबरीत म्हातारा हवालदार मेला तेव्हा सोलापुरात तीन दिवस कुणाच्या घरी चूल पेटली नाही, असं मी बाहेरगावच्या लोकांना सांगतो. चुली पेटल्या होत्या. फोन मात्र इतके आले की मोबाईल तापून त्यावर पापड भाजून निघाला असता. मे महिना होता हे मी त्या लोकांना सांगत नाही. आमच्याकडे मे महिन्यात फोन न येताही पापड भाजतो.

शनीच्या एका चंद्रावर लढणाऱ्या पलटणीची ही मालिका मी बारा वर्षं लिहितोय. बंदुका उजेडाच्या, पण शिव्या अस्सल सोलापुरी आणि डब्यात कडक भाकरी. त्या पलटणीतला म्हातारा हवालदार लोकांना घरच्यासारखा वाटायचा. तो मेला आणि वाचक दुभंगले. एका कंडक्टरनं मला भर स्टँडवर सुनावलं, "तिकीट देतो, पर बोलनार न्हाय तुमच्यासंगं." आमचा रिक्षावाला मराठी घडाघडा वाचतो आणि भांडतो मात्र दखनीत. तो म्हणाला, "क्या साब, बुड्ढे कू कायकू मारे? क्या बिगाड्या था उनो तुमारा?" कॉलेजातल्या एका मुलीनं उलट लांबलचक मेसेज पाठवला की सहा भाग नुसती ठोकाठोक होती, मालिका आत्ता कुठे वयात आली. विज्ञानाच्या एका मास्तरांनी सलग सातव्यांदा विचारलं की हवा नसताना स्फोटाचा आवाज ऐकू आलाच कसा. एकानं "यापुढे तुमचं अक्षर वाचणार नाही" असं लिहिलं आणि दोन तासांनी "पुढचा भाग कधी?" असं विचारलं.

मी खूश होतो. लोक भांडतायत म्हणजे लेखक जिवंत आहे. फक्त सुभेदाराचा फोन आला नव्हता.

सुभेदार म्हणजे माझा कुंभारी गावचा दोस्त, फौजेतून निवृत्त झालेला. आधीच्या सहाही भागांची हस्तलिखितं त्याच्या ओसरीवरून गेली होती. त्याची तपासायची रीत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. प्रकरणात वीस शिपाई निघाले की तो परातीत भुईमुगाच्या वीस अख्ख्या शेंगा ओळीनं मांडायचा. कुणी मेला की शेंग आडवी करायची, पण परातीतच. प्रकरण संपलं की गिनती. उभ्या आणि आडव्या मिळून वीस भरल्या की म्हणायचा, "जमली. आता पलटन खावा." मग आम्ही गुळाबरोबर अख्खी पलटण फस्त करायचो. एकदा मी तिसऱ्या प्रकरणात मेलेला गडी नवव्यात चहा पिताना दाखवला, तर सुभेदारानं शेंग माझ्या नाकासमोर नाचवली. "ओ लेखकराव, ह्यो कुटनं आला परत? सुट्टीवर गेल्ता काय?"

सातवा भाग मात्र मी त्याला आधी दाखवला नाही. तो हवालदाराला मरू देणार नाही, ही एक भीती. खरं कारण त्याहून हलकं होतं. इतकी वर्षं त्यानं माझ्या चुका काढल्या, आता एकदा तरी त्याला चकवावं.

पुस्तक छापून आठ दिवस झाले तरी त्याचा फोन नाही, तेव्हा मी स्कूटर काढली. सुभेदार ओसरीवरच होता. परातीत दहा शेंगा उभ्या, आणि एक बाहेर, कट्ट्यावर.

"मारला ते बेस केलं," तो म्हणाला. "म्हातारा व्हता, फौजेत व्हता. मरायचाच की."

मी छाती फुगवली.

"पर तितंच का टाकला त्याला?"

पुस्तकात त्याबद्दल दोनच ओळी होत्या. यान उडायची वेळ झाली, हवालदाराचं शरीर टेकडीपाशी बर्फात राहिलं. मी इंधनाचं कारण सांगितलं, शत्रूचं सांगितलं. शेवटी विनोद केला, "अहो सुभेदार, काय थंडी हाय तितं! हजार वर्षं नासायचा न्हाय तुमचा हवालदार."

तो हसला नाही. "अकरा गेले. मेल्याला बी गिनतीत धरत्यात. अकरा परत पायजेत. इतक्या लोकांचं फोन आलं म्हनता, कुनी इचारलं का, त्यो कुटं हाय म्हनून?"

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"पुढच्या भागात आणतो की. दिवाळीपर्यंत."

त्यानं दहा शेंगा डब्यात परत टाकल्या. अकरावी एका छोट्या डबीत ठेवली. त्या दिवशी पलटण खाल्ली नाही.

दर दिवाळीनंतर तो मला घेऊन करकंबला जायचा. तिथं एका घरी म्हातारी असायची, भिंतीवर वर्दीतल्या पोराचा फोटो, त्याला हार. सुभेदार गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसायचा आणि मी बोलायचो. चंद्रावर ऊस लावला तर दोन गाळप हंगामांत जमिनीपर्यंत पोचतो, तोडायला शिडी लागत नाही, हे मी म्हातारीला पटवून दिलं होतं. ती पदर तोंडाला लावून हसायची. परतताना सुभेदार म्हणायचा, "तुमी आलाव की बरं पडतंय. मला न्हाय बोलाय येत तितं." ही मी माझ्या वाणीची तारीफ समजायचो. पोर कसं गेलं, हे मी कधी विचारलं नाही.

ती दिवाळी आली तेव्हा माझं एक पानही झालं नव्हतं. मी सत्कार घेत हिंडत होतो. सुभेदाराला खोकल्यानं दवाखान्यात ठेवलं होतं. गेलो तर नाकात नळी, आणि पहिला प्रश्न, "कुटवर आलंय?"

"यान उतरलं," मी म्हणालो. "बारा जण निघालेत त्याला आणायला."

त्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं. "बारा बास. स्ट्रेचरला चार, पाळीपाळीनं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना टेकडीच्या पायथ्याशी आणलं. तिसऱ्या दिवशी वादळ घातलं, कारण वादळाशिवाय मला राहवत नाही. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "घावला का?" मी म्हणालो, "बर्फातनं बूट दिसतोय." त्याचे डोळे लकाकले. बाकीचं मी राखून ठेवलं. गोष्ट तिथंच थांबवायची असते, इतकी वर्षं हेच तर करत आलो होतो.

पाचव्या दिवशी मी पोचलो तेव्हा खाटेवर दुसराच माणूस होता.

सुभेदाराच्या दहाव्याला त्याच्या बायकोनं, वहिनींनी, सांगितलं. करकंबचं पोर त्याच्या हाताखालचं. बर्फाचा कडा कोसळला, चार दिवस खणलं, मग वरून हुकूम आला, माघारी फिरा. "अजून तितंच हाय म्हनं ते," वहिनी म्हणाल्या.

मी आयुष्यभर खोटं बोलत आलो, त्याची मला लाज नाही. पण बोलायचंच होतं, तर पहिल्याच दिवशी एका वाक्यात हवालदाराला घरी आणून टाकता आलं असतं. मी रंगवत बसलो.

आठवा भाग यंदा आला. वाचक पुन्हा भांडतायत. कंडक्टर बोलायला लागलाय. कॉलेजातली मुलगी म्हणते, लेखक थकला, उत्सुकता सगळी पहिल्याच प्रकरणात मारून टाकली. तिचं बरोबर आहे. मास्तरांना यावेळी विचारायला काही मिळालं नाही, कारण स्फोटच नाही.

पुस्तक घेऊन मी कुंभारीला गेलो. वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"आनला का भावजी, त्याला?"

"आणला."

"कितव्या पानावर?"

"पहिल्याच प्रकरणात. पाचव्या पानावर."

"वादळ-बिदळ?"

"नाही घातलं."

त्या आत गेल्या. परात आणली, डब्यातल्या दहा शेंगा मांडल्या आणि छोटी डबी उघडली. शेंगेला भोक पडलं होतं, आतून पीठ गळत होतं. "किडली की हो," असं म्हणत त्यांनी ती हलक्या हातानं उचलली, आणि बाकीच्यांच्या शेजारी आडवी ठेवली.

मी मोजल्या. मग वहिनींनी बोट लावून लावून मोजल्या.